एका बोटाचा उमेदवार

कळंबच्या पेठेत अमेरिका आली ती साबणाच्या वड्यांना गुंडाळून. गुंडप्पाचं किराणाचं दुकान होतं आणि त्याचा माल बार्शीहून यायचा. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, कळंब निजामाच्या. मधल्या नाक्यावर साबणाला जकात पडायची, सुपारीला पडायची, पण ज्या कागदात साबण गुंडाळलेला असे त्याकडे शिपाई ढुंकूनही बघत नसे. त्यामुळं सरकारला नकोशी असलेली सगळी वर्तमानपत्रं गुंडप्पाच्या दुकानात अगदी राजरोस येत. थोडी चुरगाळलेली असत आणि त्यांना साबणाचा वास येई, एवढंच.

महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, गिऱ्हाईक कमी. अशा एका दुपारी गुंडप्पानं एक वडी सोडवली आणि कागद वाचायला घेतला. अमेरिकेतले लोक आपला अध्यक्ष स्वतः निवडतात, हे त्यानं पूर्वी ऐकलं होतं आणि सोडूनही दिलं होतं. पण या कागदात त्याच्या पुढची गोष्ट होती. निवडणुकीला मुळात उभं कुणी राहायचं, हेसुद्धा म्हणे तिथले लोकच आधी ठरवतात. काही ठिकाणी पेटीत चिठ्ठ्या टाकतात. काही ठिकाणी तर गावकरी कुणाच्या तरी घरी नाहीतर शाळेत जमतात, एकाच्या बाजूचे या कोपऱ्यात, दुसऱ्याच्या बाजूचे त्या कोपऱ्यात उभे राहतात, आणि शेजारी शेजाऱ्याला हाक मारून म्हणतो, अरे, इकडं ये!

गुंडप्पानं तो कागद तीनदा वाचला, आणि गिऱ्हाइकाला साबण उघडाच दिला.

त्याचं असं होतं की, गुंडप्पाला आयुष्यात कुणी काही विचारलंच नव्हतं. दुकान किराणाचं असावं हे वडिलांनी ठरवलं. ते कुठं असावं हे चुलत्यांनी ठरवलं. त्याच्यासाठी मुलगी बघायला वडील, चुलते आणि एक मामा असे तिघं गेले होते, आणि दुकान बंद राहू नये म्हणून नवरदेवाला गल्ल्यावर बसवलं होतं. निवड उत्तम झाली, शिवकांतासारखी बायको मिळाली, याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. पण विचारलं नव्हतं ते नव्हतं. चाळिशी उलटली, केस पिकले, आणि आपलंही एक मत असेल अशी शंका अजून कुणाला आली नव्हती. ते मत आता साबणाच्या कागदावर जागं झालं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात तहसिलीतून निरोप आला. टाऊन कमिटीवर पेठेचा एक माणूस असे. इतकी वर्षं तहसीलदार साहेब परस्पर कल्याणप्पांचं नाव लिहीत. कल्याणप्पा पेठेतले सगळ्यात मोठे आडतवाले. ते कमिटीत जात, अत्तर लावून घेत, पान खात, मान डोलवत आणि परत येत. यंदा मात्र वरून काहीतरी सुधारणेचा वारा आला होता; पेठेतल्या दुकानदारांनी आपसांत एक नाव ठरवून कळवावं, असं साहेबांनी सांगितलं.

"ठरवायचं काय त्यात?" शेजारचा कापडवाला शांतलिंग म्हणाला. "कल्याणप्पा अण्णाच जात्यात की."

"जात्यात, पण बोलत्यात का?" गुंडप्पा म्हणाला. "पेठेतला आड बघा. कठडा पडलाय, रहाट मोडलाय, आत गाळ. आपल्या घरातल्या बायका पार मांजरा नदीवरनं पाणी आणत्यात. कमिटीत एक शब्द काढला का त्यांनी?"

शांतलिंगला हे पटलं. त्याच्या घरी रोज संध्याकाळी याच विषयावर भाषण होत असे, आणि ते त्याला ऐकावं लागे.

"मग दुसरा कोण?"

"तुम्ही," गुंडप्पा म्हणाला. शांतलिंग लाजला, पण नको म्हणाला नाही. मग गुंडप्पानं कागद काढून त्याला अमेरिकेची रीत समजावून सांगितली. जेवण कसं झालं हे पंगत उठल्यावर सांगून काय उपयोग, आचारी कोण असावा हे आधी ठरवायला पाहिजे, असं तो म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःला इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस ते त्यानं पेठेत प्रत्येकाला ऐकवलं. पेठेनं ते ऐकून घेतलं आणि जेवण कधी आहे असं विचारलं.

आता लोक जमवायचे तर निजामाच्या राज्यात त्याला परवाना लागे. गुंडप्पा टोपी नीट करून ठाण्यावर गेला. अमीन साहेबांनी त्याची उर्दूत लिहून घेतलेली दरख्वास्त वाचली, उलटी करून मागची बाजूही बघितली.

"ये जलसा है क्या?" त्यांनी विचारलं.

"जलसा नै साब. दुकानदार जमींगे, एक नाव ठरवींगे."

"जमींगे बोले तो जलसा. जलसे की इजाजत तहसील से लेव. तहसील वाले जिले को पूछींगे, जिले वाले हैदराबाद को." मग त्यांना गुंडप्पाच्या चेहऱ्याची दया आली असावी. "शादी, बारसा, मय्यत, इसको इजाजत नै लगती. उसमें कुछ हो तो देखो."

गुंडप्पा विचार करीत घरी आला. लग्नाचं घरात कुणी नव्हतं. तान्हं मूल नव्हतं. तिसऱ्या गोष्टीसाठी पेठेतल्या कुणालाही गळ घालणं बरं दिसलं नसतं.

"मल्लम्माच्या लेकीला पोरगी झालीया," शिवकांता चुलीपाशी बसून म्हणाली. "बारसं करायचंय, अन् त्यांच्याकडं जागा न्हाय."

मल्लम्मा म्हणजे पाठीमागच्या घरातली. तिनं गुंडप्पाची सगळी योजना, अमेरिकेसकट, शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "जागा तुमची, घुगऱ्या तुमच्या, खीरबी तुमची. पाळणा आमी आणू. पोरगीबी आमीच आणू." देशाच्या कामात एवढा हातभार कोण लावतो, असं म्हणून गुंडप्पानं गहू भिजत घालायला सांगितले.

जागेचा प्रश्न सुटला, तेव्हा रीतीचा उभा राहिला. कोपऱ्यात उभं राहायची कल्पना त्यानं चार जणांना सांगितली, आणि चौघांनी एकच गोष्ट विचारली: कल्याणप्पा अण्णा बघत असणार का? ते बघत असताना दुसऱ्या कोपऱ्यात कोण उभं राहील, आणि राहिलाच तर उद्या त्याचा माल आडतीत कोण उतरवून घेईल? अमेरिकेत कल्याणप्पा नसावेत, असा गुंडप्पानं निष्कर्ष काढला. बरं, चिठ्ठ्या टाकाव्यात, तर पेठेत कुणी मोडी लिहिणारा, कुणी कानडी, कुणी उर्दू. आणि प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ओळखीचं. चिठ्ठी उघडली की लिहिणारा माणूस लगेच दिसणार.

तोड काढली ती बब्रुवान दलालानं. बब्रुवान बाजारात बैलांचे आणि धान्याचे सौदे जमवी. हे सौदे तोंडानं होत नसत. दलाल आपला रुमाल हातावर टाकी, घेणारा रुमालाखाली हात घाली, दलालाची बोटं दाबून भाव सांगे, आणि भोवती उभ्या असलेल्या साऱ्या बाजाराला फक्त रुमाल हललेला दिसे.

"ह्याच्याइतकं गुपित तुमच्या अमेरिकेतबी न्हाय," बब्रुवान म्हणाला. "एकेकानं यायचं, रुमालाखाली बोट दाबायचं. दोन बोटं म्हंजी शांतलिंग अण्णा, तीन बोटं म्हंजी कल्याणप्पा अण्णा."

"आणि एक बोट?"

"एक बोट रिकामं ठिवता येत न्हाय. धंद्याची रीत हाय. एकापासनं सुरुवात असती." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "तुमचं नाव टाकू."

"माझं कशाला?"

"नुसतं नावाला वो. तुमाला कोण दाबतंय!"

गुंडप्पाला हे लागलं. आपल्याला कोण दाबतंय हे त्यालाही ठाऊक होतं, पण दुसऱ्यानं ते इतक्या सहज बोलू नये असं त्याला वाटलं. तरी कार्य मोठं होतं. त्यानं अपमान गिळला आणि फक्त एक नियम घालून घेतला. प्रत्येकानं एकदाच हात घालायचा, अमेरिकेत एकाला एकच मत असतं. बब्रुवाननं मान डोलवली. हा नियम त्यानं पाळला, हीच पुढची भानगड.

बारशाच्या दिवशी आत बायका आणि बाहेर ओसरीवर पुरुष, असा थाट झाला. कल्याणप्पा आले, लोडाला टेकून बसले. आपण निवडून येणार याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी येतानाच अत्तर लावलं होतं. ठाण्यावरून एक जवानही आला. त्याला बाळ बघून यायचा हुकूम होता. मल्लम्मानं पोरगी दारात आणून दाखवली, पोरगीनं जवानाला बघून टाहो फोडला, आणि जलसा नसून बारसंच आहे याबद्दल सरकारची खात्री पटली. जवान खिरीसाठी थांबला.

बब्रुवाननं कोपऱ्यात बसून रुमाल टाकला. एकेक दुकानदार उठे, हात घाली, डोळे बारीक करी, क्षणभर वाट बघे. बब्रुवान हात काढून घेई आणि म्हणे, "चला फुडं." माणूस थोडा बुचकळ्यात पडल्यासारखा आपल्या जागेवर जाऊन बसे. गुंडप्पा हे सारं दाराला टेकून बघत होता. आपल्या पेठेत, आपल्या ओसरीवर, माणसांना विचारलं जात होतं! त्याची पाळी आली तेव्हा त्यानं शांतलिंगची दोन बोटं दाबली. स्वतःचं बोट दाबणं त्याला शिष्टाचाराला धरून वाटलं नाही. शेवटी जवानही उठला. सगळे हात घालतायत म्हणून त्यानंही घातला. बैलाचा सौदा चाललाय अशी त्याची समजूत होती, आणि त्याच्या घरात दोन पिढ्या बैलांचाच धंदा होता.

आत पाळण्याचं गाणं संपलं. पोरीचं नाव शिवगंगा ठेवलं. बाहेर बब्रुवाननं रुमाल झटकला, पण त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"गुंडप्पा," तो म्हणाला.

"काय?" गुंडप्पा म्हणाला.

"काय न्हाय. गुंडप्पाच. शांतलिंग अण्णाला एक हात पडला. बाकी समद्यांनी एक बोट दाबलं."

मग कल्याणप्पांनी टेकलेली पाठ उचलली. "समद्यांनी म्हंजी?"

"तुमीबी," बब्रुवान खाली बघत म्हणाला.

"अरे मग पहिल्यांदा एकच बोट दाबत्यात की!" कल्याणप्पा ओरडले. "पहिल्याच हाताला खरा भाव सांगतो का कुणी? एक दाबलं, तू वर न्यायचं, म्या जरा थांबायचं, मग तीनावर यायचं. जन्मभर तसंच केलंय! तू हातच काढून घेतलास!"

"म्याबी तेच म्हणत होतो, हा दुसऱ्यांदा बोलवंना कसा," शांतलिंग म्हणाला. त्यानंही स्वतःच्या नावाची बोटं दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवली होती. मग एकच गलका झाला. प्रत्येकानं घासाघीस करायच्या तयारीनं हात घातला होता, आणि घासाघीस झालीच नव्हती. जन्मात पहिल्यांदा पेठेतल्या दुकानदारांचा पहिला शब्द खरा धरला गेला होता, आणि ते सगळे फसवलं गेल्यासारखे बोलत होते.

"पुन्हा करा," कुणीतरी म्हणालं.

इथं बब्रुवाननं मान वर केली. "रुमालाखाली दिलेला हात माघारी घेतला तर उद्या बाजारात माझ्या रुमालाखाली हात घालील कोण? बैल उलटा फिरवता येतो, हात न्हाय." कल्याणप्पांची तर सारी आडत याच एका गोष्टीवर उभी होती. ते उठले, खीर न खाता गेले, अर्ध्या वाटेवरून परत आले आणि खीर खाऊन गेले.

त्या रात्री गुंडप्पा जेवला नाही.

"आनंद व्हायला पाहिजे की," शिवकांता म्हणाली.

"कशाचा? एकानंसुद्धा मला निवडलं नाही! मी म्हणजे काय, बोलणी सुरू करायचा आकडा! मी उद्या तहसिलीत जाऊन सांगतो, मला नको."

शिवकांतानं घागर उचलून त्याच्यापुढं ठेवली. घागर रिकामी होती. "ही घ्या अन् मांजरेवर जाऊन या. तिथं वाळूत झरा उकरायचा, वाटीवाटीनं भरायची. आल्यावर मग ठरवा, तुम्हाला मनापासनं निवडलं का बिनमनानं निवडलं. आडाला त्याचं काय?"

गुंडप्पा मांजरेवर गेला नाही, पण तहसिलीत मात्र गेला. साहेबांनी कागद बघून विचारलं, "कौन गुंडप्पा?" "मैंच," गुंडप्पा म्हणाला. साहेबांनी त्याला पायापासून टोपीपर्यंत बघितलं, आणि कल्याणप्पा लिहिलं काय न् गुंडप्पा लिहिलं काय, कागद तेवढाच लागतो, अशा चेहऱ्यानं सही केली.

कमिटीच्या पहिल्या बैठकीत गुंडप्पाला अत्तर लावलं, पान दिलं. दुसऱ्या बैठकीतही अत्तर लावलं, पान दिलं. तिसऱ्या बैठकीत त्यानं पान हातात धरून ठेवलं, घसा खाकरला आणि उभा राहून आडाबद्दल बोलला. आवाज मधेच चिरकला. आपलं वाक्य कुठं संपवावं हे न समजल्यानं त्यानं ते आचाऱ्यावर आणून संपवलं, आणि खाली बसला. सगळी कमिटी त्याच्याकडं बघत राहिली. सभासद काही मागतो अशी वेळ तिथं कधी आलीच नव्हती. त्यामुळं नाही कसं म्हणायचं याची रीत कुणाला ठाऊक नव्हती. कागद पुढं करणाऱ्या पेशकारानं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, आणि आडाची मंजुरी झाली.

उन्हाळ्याच्या आधी गाळ निघाला. गाळात बारा घरांचे तांबे निघाले, शांतलिंगचा कापड मोजायचा लोखंडी गज निघाला आणि कल्याणप्पांचं एक वजन निघालं. ते आडात कसं गेलं याची चौकशी कल्याणप्पांनीच होऊ दिली नाही. कठडा बांधला, नवा रहाट बसला. पहिली घागर वर आली तेव्हा शिवकांतानं ती कमरेवर घेतली, आणि गुंडप्पाच्या दुकानावरून, वाट वाकडी करून, हळूहळू चालत गेली. गुंडप्पा गिऱ्हाइकाला सुपारी तोलत होता. तराजूचाही तोल गेला आणि त्याचाही.

वर्ष सरलं, आणि तहसिलीतून पुन्हा निरोप आला. पेठेत बारशांची कमतरता नव्हती; यंदा तर शांतलिंगच्याच घरी नातू झाला होता. ठाण्यावरचा तोच जवान आठ दिवस आधीच खिरीची चौकशी करून गेला. या खेपेला बब्रुवाननं शांतलिंगच्या ओसरीवर उभं राहून खणखणीत सांगितलं, "पहिला हात तोच हात. घासाघीस न्हाय. ज्याला जे पाहिजे ते पहिल्याच खेपेला दाबा." एक बोट त्यानं रिकामं ठेवलं आणि गुंडप्पाचं नाव चार बोटांवर टाकलं. धंद्याची रीत मोडली म्हणून दोन दिवस तो हळहळत होता.

पण रुमाल टाकायच्या आतच माजघराच्या दारात शिवकांता येऊन उभी राहिली. तिच्यामागं मल्लम्मा, कडेवर वर्षाची शिवगंगा, आणि त्यांच्यामागं पेठेतल्या साऱ्या घागरी ज्यांच्या कमरेवर असतात त्या सगळ्या.

"पाणी आम्ही भरतो," शिवकांता म्हणाली. "मग बोटं तुमचीच कशी?"

कल्याणप्पांनी 'शिव शिव' म्हटलं. शांतलिंगनं वर आढ्याकडं बघितलं. सगळ्यांनी मग गुंडप्पाकडं बघितलं, कारण अमेरिकेचा माणूस तोच. गुंडप्पानं कागद आठवून बघितला. अमेरिकेत बायका हात घालतात का, हे ज्या बाजूला छापलं असावं ती बाजू साबणानं धुऊन निघाली होती.

"आचारी कोण हे ठरवायचं," तो सावकाश म्हणाला, "तर चूल ज्यांच्या हाती त्यांना विचारायला पाहिजे."

"ते ठीक," बब्रुवान कासावीस होऊन म्हणाला, "पर म्या बायाबापड्यांचा हात धरू व्हय? बाजारात तोंड दाखवू का नको?"

त्यावरही तोड बायकांनीच आणली होती. प्रेमाबाई कासारीण बांगड्यांची टोपली बाजूला सारून पुढं आली. पेठेतल्या एकूण एक बाईचा हात तिनं दाबलेला होता. कुणाचा मऊ, कुणाचा आखडलेला, सारं तिला पाठ होतं, आणि कुणी तिला नावं ठेवत नव्हतं. ती माजघरात बसली. बब्रुवाननं आपला रुमाल तिला दिला आणि स्वतः खांद्यावरचं उपरणं घेतलं.

आत बांगड्या वाजत होत्या, बाहेर उपरणं हलत होतं. या खेपेला कुणी वाट बघत थांबत नव्हतं. हात घालत होते, दाबत होते, उठत होते. काही जण गुंडप्पाची नजर चुकवून गेले, आणि ते बघून गुंडप्पाला घाम फुटला.

बब्रुवान आणि प्रेमाबाई दाराच्या दोन बाजूंना बसून कुजबुजले. मग बब्रुवान उठला.

"गुंडप्पा अण्णा," तो म्हणाला. "पर थोडक्या फरकानं. शांतलिंग अण्णाला लई हात पडलं. कल्याणप्पा अण्णालाबी पडलं."

थोडक्या फरकानं! शांतलिंगला हळहळ वाटली, कल्याणप्पांना अपेक्षेपेक्षा जास्त पडले म्हणून ते जरा ताठ बसले. आणि गुंडप्पाच्या तोंडावर जे पसरलं ते बघून सगळे गोंधळले. गेल्या साली सारी पेठ त्याच्या बाजूनं पडली होती, तेव्हा हा माणूस उपाशी झोपला होता. यंदा निम्मी पेठ विरोधात गेली आणि हा हसतोय! पण गुंडप्पाचा हिशेब सरळ होता. ज्यांना तो नको होता त्यांनी नको म्हटलं होतं. म्हणजे ज्यांनी हवा म्हटलं त्यांना तो खरोखर हवा होता. शांतलिंगच्या घरची खीर त्यानं तीन वाट्या खाल्ली. स्वतः यंदा त्यानं कुणाची बोटं दाबली, हे मात्र त्यानं शिष्टाचाराला धरून कुणाला सांगितलं नाही.

रात्री घरी ओसरीवर शिवकांता पान जुळवत बसली होती. आडावर अजून रहाट कुरकुरत होता. कुणीतरी उशिरा पाणी शेंदत होतं. गुंडप्पा दोनदा खाकरला.

"एक विचारू का?"

"विचारा की."

"तुझा हात... म्हणजे, कुणाला पडला?"

शिवकांतानं पानाला चुना लावला, सावकाश सुपारी ठेवली.

"माझ्या लग्नात मला तरी कुठं कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. "तुमचे तिघं आले, घर बघून गेले. आज जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, अन् म्या सांगितलं."

"काय सांगितलंस?"

तिनं विडा त्याच्या हातावर ठेवला, वर आपला पदर टाकला, आणि पदराखाली त्याची बोटं घट्ट दाबली. किती, ते पेठेत आजतागायत कुणाला कळलेलं नाही.